मुलाच्या दप्तरात अमली पदार्थ सापडला, तर जबाबदार कोण? एका प्रश्नाचा दीडशे वर्षांचा इतिहास

"तुमच्या मुलाच्या दप्तरात काहीतरी सापडलंय, लगेच शाळेत या." असा फोन आल्यावर आई-वडिलांची अवस्था काय होते, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच ठाऊक. माझ्याकडे येणारे असे पालक बहुतेक वेळा आजाराबद्दल विचारतच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, आमचं काय चुकलं?" दुसरा, "आता पोलीस येतील का?" आणि तिसरा, हळू आवाजात, "हे कुठे कळणार तर नाही ना?"

या घबराटीत घरात तीनपैकी एक गोष्ट होते. मुलाला बेदम मारलं जातं, प्रकरण दाबलं जातं, किंवा मुलाला कुठल्यातरी केंद्रात 'टाकून' मोकळं व्हायचा विचार होतो. तिन्हींत पालकांना वाटत असतं की आपण जबाबदारी पार पाडतोय. म्हणून आज औषधांबद्दल थोडं कमी आणि या 'जबाबदारी'च्या इतिहासाबद्दल थोडं जास्त लिहितो. मूल नशेच्या पदार्थासह सापडलं तर पालकांनी काय करायचं, याचं उत्तर समाजाने आणि कायद्याने वेळोवेळी बदललं आहे. आज ते कुठे येऊन थांबलंय, हे समजलं की भीती बरीच कमी होते.

पाळण्यातली अफू

सुरुवात जरा अनपेक्षित ठिकाणाहून करू. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत लहान मुलांना अमली पदार्थ देणारे बऱ्याचदा त्यांचे आई-वडीलच होते. गिरणीत दहा-दहा तास राबणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफूची बारीक गोळी देऊन कामावर जात. तिला 'बाळागोळी' म्हणत. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. १९२० च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांनी या प्रथेवर लिहिलं, तेव्हा कुठे तिची चर्चा सुरू झाली.

अफू तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत असे. त्या आया क्रूर नव्हत्या. घरी बाळाला सांभाळणारं कुणी नाही, पाळणाघर नाही आणि रोजगार बुडवणं परवडत नाही, अशी ती अडचण होती. आईला दोष देऊन ती प्रथा थांबली नसती. पाळणाघर आणि बाळंतपणाची रजा हेच त्यावरचे खरे उपाय होते. मुंबई प्रांतात १९२९ साली मातृत्व लाभाचा कायदा झाला, तो याच काळातल्या विचारातून. मुलाच्या हातात नशा येते तेव्हा घराबाहेरही काहीतरी बिघडलेलं असतं, ही गोष्ट तिथूनच लक्षात ठेवू.

'बापाने दंड भरावा'

गुन्हा करणाऱ्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्नही त्याच काळात आकार घेत होता. एकोणिसाव्या शतकात अशी मुलं मोठ्यांच्या तुरुंगातच जात. मुंबईत १८५७ च्या सुमारास डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा उभी राहिली आणि १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला. मुलाला तुरुंगाऐवजी शाळेत ठेवून हाताला काम शिकवायचं, अशी ती कल्पना होती. मात्र आई-वडिलांना त्यात फारसं स्थान नव्हतं. बिघडलेल्या घरापासून मुलाला दूर नेणं, हाच उपाय मानला जाई.

१९०८ मध्ये इंग्लंडमध्ये मुलांसाठीचा मोठा कायदा आला आणि दोन नव्या गोष्टी घडल्या. सोळा वर्षांखालचं दिसणारं मूल रस्त्यात सिगारेट ओढताना दिसलं, तर गणवेशातला पोलीस किंवा बागेचा रखवालदार ती काढून घेऊ शकत होता. दुसरी गोष्ट अशी की मुलाने गुन्हा केला तर दंड आई-वडिलांनी भरायचा. मुलाकडे लक्ष देण्यात आपण कसूर केली नाही असं कोर्टाला पटलं, तरच त्यातून सुटका.

आपल्याकडे मद्रासने १९२०, बंगालने १९२२ आणि मुंबई प्रांताने १९२४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदे केले, ते याच विचाराच्या प्रभावाखाली. मुलांसाठी वेगळं न्यायालय हवं, ही त्यातली चांगली बाजू. पण 'मूल बिघडलं म्हणजे पालकांचं चुकलं, त्यांनी भरपाई करावी' ही समजूतही त्या काळात पक्की झाली. पालकांच्या तोंडून आजही तो पहिला प्रश्न येतो, त्याचं एक मूळ इथे आहे.

गर्दचे दिवस

माझ्या पिढीला १९८० चं दशक आठवत असेल. तोवर नशा म्हटली की दारू, गांजा, अफू. मग इराण-अफगाणिस्तानातल्या उलथापालथीनंतर हेरॉइनचा कच्चा, भेसळयुक्त प्रकार मुंबईत येऊ लागला. ब्राऊन शुगर, आपल्याकडचा शब्द 'गर्द'. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. सुई नाही, वास नाही, पुडी स्वस्त. कॉलेजची, झोपडपट्टीतली, सुखवस्तू घरातली, सगळीकडची मुलं त्यात सापडली.

गर्द मिळाली नाही की अंग ठणकायचं, नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या-जुलाब, झोप नाही. मुलं त्याला 'टर्की' म्हणत. ती टाळण्यासाठी घरातली भांडीसुद्धा विकली जात. पालकांना हा आजार आहे हेच माहीत नव्हतं. मुलाला खोलीत कोंडणं, खांबाला बांधणं, लग्न लावून देणं, सगळे उपाय झाले.

त्याच वेळी कायदाही आला. अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. योगायोगाने तो बालदिन. कायदा अतिशय कडक होता. जवळ बाळगणं, विकणं आणि स्वतः सेवन करणं, हे तिन्ही गुन्हे. पण एक बाजू फारशी कुणी सांगत नाही. व्यसनी माणसाला कोर्ट शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं, अशी तरतूद त्यात पहिल्यापासून आहे. पुढे १९८९ मध्ये आणखी एक कलम आलं, ६४ अ. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची ती सोय आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर ती सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांसाठी आहे आणि उपचार पूर्ण केले नाहीत तर संरक्षण काढून घेता येतं.

१९८६: दोन दारं उघडली

पुढचं वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मोठी देणगी दिली. अनिल अवचटांच्या 'गर्द' या पुस्तकाने मराठी घरांत पहिल्यांदा या विषयावर मोकळेपणी बोलणं सुरू केलं.

व्यसन हा आजार आहे आणि तो एकट्या माणसाचा नसून घराचाही असतो, ही दृष्टी अशा कामातून महाराष्ट्रात रुजली. आई-वडील आणि बायको यांनाही समुपदेशन लागतं. 'तुमच्यामुळे हे झालं नाही, पण तुमच्याशिवाय हे बरं होणार नाही' असा त्याचा सूर होता. १९०८ च्या दंडापासून हे खूप लांबचं अंतर आहे.

त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. तोवर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. मुलांना लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, हे आता सगळ्या देशाला लागू झालं.

अमेरिकेने केलेला प्रयोग

आपल्याकडच्या काही शाळा हल्ली 'झीरो टॉलरन्स' हा शब्द अभिमानाने वापरतात. तो अमेरिकेतून आला आहे, म्हणून तिथे काय झालं ते थोडक्यात पाहू.

१९८० मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेत चौदा वर्षांची मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स तपासली. त्यात गांजा, काही पैसे आणि कोणी किती पैसे देणं आहे याची यादी निघाली. आईला बोलावलं गेलं. आईच तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेली आणि तिथे मुलीने विक्रीची कबुली दिली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ मध्ये निकाल लागला की वाजवी संशय असेल तर शाळा विद्यार्थ्याची झडती घेऊ शकते. मुलीला तुरुंग झाला नाही, एक वर्षाची देखरेख झाली.

पुढे मात्र वारं बदललं. १९९४ मध्ये शस्त्र आणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर शाळेबाहेर काढण्याचा कायदा झाला आणि तोच कडकपणा अनेक शाळांनी अमली पदार्थांनाही लावला. सापडला की बाहेर. २००८ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने याचा आढावा घेतला. अशा धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट, काढून टाकलेली मुलं पुढे शिक्षण सोडण्याची शक्यता जास्त दिसली. पोलिसांनी वर्गात येऊन दिलेल्या 'नशेला नाही म्हणा' छापाच्या व्याख्यानांचाही परिणाम तपासांत फारच थोडा निघाला.

डॉक्टर म्हणून यात मला नवल वाटत नाही. शाळेतून काढलेल्या मुलाला दिवसभर मोकळा वेळ मिळतो. चांगले मित्र सुटतात. पुडी देणारा तेवढा टिकून राहतो.

आज आपला कायदा काय म्हणतो

१९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्यातलं कलम ३३ मुलांना अमली पदार्थांपासून आणि त्यांच्या व्यापारात वापरलं जाण्यापासून वाचवायला सांगतं. अशा प्रकरणातल्या मुलाला धोक्यात असलेलं मूल म्हणून पाहायचं, असा त्याचा रोख आहे. त्यानंतर २००० मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बाल न्याय कायदा नव्याने लिहिला गेला. आजचा कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पालकांना त्यातलं एवढं माहीत असावं:

- अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं असतं आणि पालकांना कळवायचं असतं.
- २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसेल, तर मुलावर एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो.
- मंडळ मुलाला समज आणि समुपदेशन देऊन घरी पाठवू शकतं, पालकांच्या हमीवर सोपवू शकतं, व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला सांगू शकतं. पालकांना दंडही करू शकतं. १९०८ चा धागा अजून शिल्लक आहे, पण आता तो अनेक पर्यायांपैकी एक आहे.
- मुलाचं नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सोसायटीच्या किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारे मेसेजही यातून सुटत नाहीत.
- मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला, किंवा मुलाकडून त्याची ने-आण वा विक्री करवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.
- शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मारहाण आणि मानसिक छळ यांनाही त्यात मनाई आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. मोठ्या प्रमाणात माल सापडला आणि मूल सोळा वर्षांवरचं असेल, तर प्रकरण गंभीर वळण घेऊ शकतं. तिथे वकिलाचा सल्ला लगेच घ्यायला हवा.

आता दप्तरात काय सापडतं

गर्द गेली नाही, पण चित्र बदललं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर वगैरे, घेणाऱ्यांचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के होतं, तर प्रौढांत ०.५८ टक्के. मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त आढळणारा हाच एक प्रकार. हे पदार्थ स्टेशनरीच्या दुकानातले आहेत आणि लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाहीत. याशिवाय गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं आणि २०१९ पासून बंदी असलेल्या ई-सिगारेट.

फोन आल्यावर: क्रमाने काय करावं

१. आधी तब्येत बघा. मूल झोपाळलेलं, बरळणारं, श्वास मंद असलेलं असेल तर शाळेतल्या चर्चेआधी रुग्णालय. पदार्थ किंवा वेष्टन सापडलं असेल तर त्याचं नाव किंवा फोटो डॉक्टरांना दाखवा.

२. मूल काही हुंगताना सापडलं तर त्याच्यामागे धावू नका, मारू नका, घाबरवू नका. या पदार्थांनी हृदय इतकं संवेदनशील होतं की अचानक भीती किंवा धावपळीने ते बंद पडू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत न्या.

३. शाळेत आई किंवा वडिलांनी स्वतः जावं, जमल्यास दोघांनी. काका-मामाला पुढे करू नका. काय सापडलं, कुणासमोर सापडलं, शाळेने काय नोंद केली, हे विचारून घ्या. सापडलेली वस्तू फेकू किंवा लपवू नका. पुरावा नष्ट करण्याने मूल वाचत नाही, तुम्हीही अडकता.

४. पहिल्या रात्री चौकशी कमी, सोबत जास्त. अपमानानंतरचे पहिले काही दिवस आत्महत्येच्या दृष्टीने जोखमीचे असतात. मुलाला एकटं कोंडू नका. 'तू आमच्यासाठी मेलास' हे वाक्य तर कधीच नाही.

५. दुसऱ्या दिवशी विचारा, पण असे प्रश्न विचारा: पहिल्यांदा कधी घेतलंस? किती वेळा? एकटा घेतोस का? घेतलं नाही तर काय होतं? कुणी धमकावतंय का? एकदा कुतूहलाने ओढलेलं मूल, रोज घेणारं मूल आणि दुसऱ्याचं पाकीट भीतीपोटी सांभाळणारं मूल, या तीन वेगळ्या समस्या आहेत.

६. औषधाच्या दुकानातली किट आणून चोरून लघवी तपासू नका. गांजा एकदाच घेतला असेल तर साधारण तीन दिवस दिसतो, रोज घेणाऱ्यात काही आठवडे. चाचणी खोटी पॉझिटिव्हही येते. तपासणी डॉक्टरांकडे, मुलाला सांगून करा.

७. झोपेच्या गोळ्या रोज घेतल्या असतील तर घरीच अचानक बंद करू नका, आकडी येऊ शकते.

८. 'गाडी पाठवतो, मुलाला उचलून नेतो' म्हणणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. त्यानुसार अल्पवयीन मुलाला भरती करण्यासाठी तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी ठरवलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहावी लागते. बहुतेक मुलांना भरती लागतच नाही.

मदतीसाठी क्रमांक: व्यसनमुक्ती १४४४६, टेलि-मानस १४४१६, चाइल्डलाइन १०९८.

जबाबदारी म्हणजे दोष नव्हे

दीडशे वर्षांत कायदा आधी मुलाला घरापासून तोडत होता, मग पालकांकडून दंड घेत होता आणि आता तो पालकांना उपचाराच्या खोलीत मुलाशेजारी बसवतो. हा बदल दयेपोटी झाला असं कुणी समजू नये. आधीचे उपाय चालले नाहीत, हे दिसून आलं म्हणून तो झाला.

दोष कुणाचा, हे शोधण्यात महिने जातात. मुलाला डॉक्टरांकडे नेणं, शाळेशी नीट बोलणं, पोलीस आले तर त्याच्या शेजारी उभं राहणं आणि घरातल्या आपल्या ग्लासाकडे, सिगारेटच्या पाकिटाकडेही एकदा बघणं, हे सगळं याच आठवड्यात करता येतं. दंड भरूनही जबाबदारी संपत नाही आणि मुलाला केंद्रात ठेवूनही नाही. शाळेत परत गेलेल्या मुलाला संध्याकाळी 'आज कसा गेला दिवस?' असं न चिडता विचारणारं कुणीतरी घरात असणं, उपचारांचा मोठा भाग तिथेच घडतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाबाबत निर्णय तुमच्या डॉक्टरांशी आणि गरज असेल तिथे वकिलांशी बोलूनच घ्या.)